बारा लाख माफ, मग माझा एक टक्का का कापला?

"सर, बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ आहे ना? मग कंपनीने माझ्या पहिल्याच बिलातून एक टक्का का कापला?"

मी छोट्या ठेकेदारांचे हिशेब आणि रिटर्न बघतो. हा प्रश्न घेऊन येणारा बहुधा एकाच वळणाचा असतो. आयटीआय केलेला, चाकण, सातपूर किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत आठ-दहा वर्षं सुपरवायझर म्हणून राबलेला, आणि आता चार पोरं हाताशी धरून वायरिंगची, पॅनेलची, केबल ओढायची कामं स्वतः घेणारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपायच्या आत दुसरा येतो: "मित्र म्हणतो प्रायव्हेट लिमिटेड काढ, साडू म्हणतो भागीदारी कर. नेमकं काय करू?"

त्यात १ एप्रिल २०२६ पासून १९६१चा आयकर कायदा जाऊन २०२५चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे नंबर बदलले आणि 'असेसमेंट इयर' जाऊन 'कर वर्ष' आलं. त्यामुळे 'सगळंच बदललं' अशी हूल उठली. या लेखात आपण ज्या गोष्टी बघणार आहोत, त्यांचा गाभा आहे तिथेच आहे. मार्च २०२६ पर्यंतच्या कमाईला तर जुनाच कायदा लागतो.

पुढे एकच उदाहरण धरून चालू. आपल्या वायरमनची वर्षाची बिलं ३६ लाखांची आहेत, जीएसटी सोडून. माल १६ लाखांचा. मजुरी, गाडी, भाडं आणि सटरफटर मिळून ११ लाख. हातात उरले ९ लाख.

## उलाढाल म्हणजे कमाई नव्हे

निम्मा गोंधळ इथेच आहे. वर्षभरात खात्यात चाळीसेक लाख येऊन गेले की माणूस एकतर हवेत जातो, नाहीतर घाबरतो. पण ऊस कारखान्याला गेला म्हणजे सगळं बिल शेतकऱ्याचं होत नाही. बियाणं, खत, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज वजा करून जे उरतं त्यावर घर चालतं. ठेकेदाराचंही तसंच. ३६ लाख ही उलाढाल, ९ लाख हा नफा. आयकर नफ्यावर लागतो आणि जीएसटीची नोंदणी उलाढालीवर ठरते. बारा लाखांची सवलत नफ्याची आहे, बिलांची नाही.

नव्या कर प्रणालीत ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पण एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर निघालेला कर, म्हणजे जास्तीत जास्त ६० हजार रुपये, सरकार माफ करतं. बारा लाखांच्या थोडं वर गेलात म्हणून एकदम ६० हजार अंगावर पडत नाहीत. १२ लाख १० हजार झाले तर कर १० हजार आणि त्यावर ४ टक्के सेस, एवढंच.

नोकरीत असताना हाच आकडा पावणेतेरा लाख होता, कारण पगारातून ७५ हजारांची सरसकट वजावट मिळायची. ठेकेदार झालात की ती गेली, आणि मालक भरायचा तो पीएफचा वाटाही गेला. नोकरी सोडताना "पगार ४५ हजार, धंद्यात ७५ हजार" अशी तुलना करणारे या दोन गोष्टी हमखास विसरतात.

## कापलेला एक टक्का कुठे जातो?

त्याला टीडीएस म्हणतात. पैसे देणाऱ्याने आधीच थोडा कर कापून तुमच्या पॅनवर सरकारकडे भरायचा. तो दंड नाही आणि वेगळा करही नाही. तुमच्याच नावाने भरलेली उचल आहे. वर्षाअखेरीस कर निघाला तर त्यातून वळता होतो, नाही निघाला तर परत मिळतो.

ठेक्याच्या कामावर प्रोप्रायटरला, म्हणजे एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला १ टक्का, भागीदारी संस्था किंवा कंपनीला २ टक्के. एक बिल ३० हजारांच्या वर गेलं किंवा त्या पार्टीकडची वर्षाची बिलं मिळून एक लाखाच्या वर गेली की कपात सुरू. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. आपल्या गड्याचे ३६ हजार कापले गेले. नफा ९ लाख, कर शून्य, म्हणजे सगळे परत. पण रिटर्न भरलं तरच. "कर नाही तर रिटर्न कशाला" म्हणत दोन-दोन वर्षं रिफंड सोडून दिलेले लोक मी पाहिलेत.

दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. बिलात जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवा, म्हणजे कपात मूळ रकमेवरच होते. आणि दर तिमाहीनंतर आयकराच्या पोर्टलवर आपलं २६एएस उघडा. पॅनवर किती कर जमा झाला ते तिथे दिसतं. माझ्याकडच्या एकाचे पैसे एका कारखान्याने कापले, पण भरले दुसऱ्याच पॅनवर. वेळेत दिसलं म्हणून अकाउंट्सवाल्याने दुरुस्त करून दिलं. तीन वर्षांनी गेला असता तर तो माणूस तिथे असता की नाही कोण जाणे.

नुसता सल्ला देणारे, डिझाइन करणारे, म्हणजे इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या वळणाचं काम असेल, तर कपात १ टक्का नसून १० टक्के होते. त्यांचा पुढचा हिशेबही वेगळा लागतो. ओघात येईलच.

## जीएसटी: खात्यात येतो, पण पाहुणा म्हणून

सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी सक्तीची. त्या आत असलात तरी कारखान्याचा पर्चेसवाला पहिला प्रश्न "नंबर आहे का?" हाच विचारतो. कारण तुम्ही लावलेला १८ टक्के जीएसटी तो स्वतःच्या करातून वळता करून घेतो. तुमच्याकडे नंबर नसेल तर त्याला ते मिळत नाही. म्हणून फक्त घरगुती कामं करणाऱ्याने २० लाखांपर्यंत खुशाल थांबावं. कारखान्यांची कामं घ्यायची असतील तर आधीच नंबर काढलेला बरा.

३६ लाखांच्या बिलांवर १८ टक्क्यांनी ६ लाख ४८ हजार जीएसटी झाला. १६ लाखांच्या मालावर दुकानदाराला तुम्ही २ लाख ८८ हजार आधीच दिलेत. ते वजा जाता सरकारला भरायचे ३ लाख ६० हजार. ही वजावट म्हणजे इनपुट क्रेडिट. वायरवाल्याने पक्कं बिल दिलं नाही, किंवा दिलं पण स्वतःचं रिटर्नच भरलं नाही, तर ती वजावट अडकते. कच्च्या बिलावर 'स्वस्त' मिळालेली वायर नंबरवाल्या ठेकेदाराला महागच पडते.

नवे ठेकेदार बुडतात ते आयकरात नाही, इथे. जीएसटी भरायची वेळ बिल फाडलं की येते, मग पैसे मिळालेले असोत वा नसोत. मार्चअखेर ५ लाखांचं बिल केलंत, पार्टीने पैसे दिले जुलैमध्ये. तुमचे ९० हजार मात्र २० एप्रिलला भरायचे. उशीर झाला तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. लहान करदात्याला तिमाही रिटर्नची सोय आहे, पण तीतही पैसे बहुतेक महिन्याच्या महिन्याला भरावेच लागतात.

याला उपाय साधा आहे. काम झालं की आधी कच्चा आकडा, म्हणजे प्रोफॉर्मा पाठवायचा. साइट इंजिनिअरने मोजमाप तपासून सही केली की मगच कराचं बिल. करारात "मोजमाप मंजूर झाल्यावर बिल" अशी ओळ असली की हे नियमातही बसतं. आणि दुसरं बचत खातं उघडून आलेल्या पैशातला जीएसटी त्याच दिवशी तिकडे वळवा. घरातली बाई भिशीचे पैसे डाळीच्या डब्यात ठेवते ना, तसं. समोर दिसले की मुकादमाच्या उचलीत जातात.

## सहा टक्क्यांची सोय आणि अंगाशी येणारी हुशारी

लहान धंद्याला पै-पैचा हिशेब ठेवणं जड जातं. म्हणून कायद्याने एक सोय दिली आहे: अनुमानित उत्पन्न. उलाढाल २ कोटींच्या आत असेल, आणि रोखीची जमा पाच टक्क्यांच्या वर नसेल तर ३ कोटींच्या आत, तर बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. खर्चाच्या पावत्या कुणी मागत नाही. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडी होतं. नव्या कायद्यात ते ५८मध्ये गेलंय, पण सीएच्या तोंडी अजून काही वर्षं जुनंच नाव राहणार. सल्ला देणाऱ्या व्यावसायिकांची सोय निराळी आहे: मर्यादा ५० लाख, रोख कमी असेल तर ७५ लाख, आणि नफा किमान निम्मा धरायचा.

आता मोह बघा. ३६ लाखांचे ६ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. खरा नफा ९ लाख. "मग २ लाख १६ हजारच दाखवू की!"

कशासाठी? ९ लाख दाखवले तरी कर शून्यच आहे. कायदाही सहा टक्के 'किंवा त्याहून जास्त कमावलेली रक्कम' अशीच भाषा करतो. पूर्वी अडीच लाखांपासून कर लागायचा तेव्हा लोक आकडा दाबायचे, त्यामागे निदान गणित तरी होतं. आता तेही उरलेलं नाही, सवय मात्र सुटत नाही. दोन वर्षांनी फ्लॅटचं कर्ज काढायला जाल तेव्हा बँक गेल्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते. २ लाख १६ हजारांच्या उत्पन्नावर तुम्हाला दुचाकीच्या पुढे कर्ज मिळणार नाही. देव न करो, पण रस्त्यावर अपघात झाला तर भरपाईचा दावा ठरवताना न्यायाधिकरणही रिटर्नमधलंच उत्पन्न बघतं. तेव्हा "साहेब, खरी कमाई जास्त होती" हे सांगायला कागद नसतो.

या सोयीला एक बेडीही आहे. एकदा हा मार्ग धरला आणि पुढच्या पाच वर्षांत कधी त्यातून बाहेर पडून कमी नफा दाखवला, तर त्यापुढची पाच वर्षं ही सोय बंद. म्हणून ज्याला मालाचे भाव, बुडीत उधारी यामुळे एखाद्या वर्षी तोटा होऊ शकतो, त्याने साधी वही तरी ठेवावीच.

या मार्गाने जाणाऱ्याला वर्षात चार वेळा आगाऊ कर भरावा लागत नाही. १५ मार्चला एकदाच. पण टीडीएस वजा जाता १० हजार किंवा त्याहून जास्त कर निघणार असेल आणि ती तारीख चुकली, तर महिन्याला एक टक्क्याच्या हिशेबाने व्याज लागतं.

## आता पाटी कोणती?

इतका वेळ पाटीचा, म्हणजे प्रोप्रायटर, भागीदारी की कंपनी हा विषय टाळला तो मुद्दाम. लोक सुरुवात तिथून करतात आणि हिशेबाकडे शेवटी वळतात. पाटीचा खरा प्रश्न कराचा नाही. काम बिघडलं, आग लागली, पैसे बुडाले तर कुणाच्या घरापर्यंत येणार, हा आहे.

प्रोप्रायटर म्हणजे तुम्हीच. पाटीवर कुलदैवताचं नाव असू द्या, कायद्याला दिसता तुम्ही. तुमचाच पॅन, धंद्याचं देणं ते घराचं देणं. काढायला काहीच लागत नाही: गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद (मोजकेच कामगार असतील तर नुसती सूचना पुरते), उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट, चालू खातं, आणि महाराष्ट्रात वर्षाला अडीच हजार व्यवसाय कर. हा शेवटचा कर नेमका विसरला जातो. पगारदार असताना कंपनी कापायची, म्हणून तो आपणही भरायचा असतो हे डोक्यातच येत नाही.

भागीदारी म्हणजे भावाभावांची सामाईक विहीर. पाणी सगळ्यांचं, मोटर जळली तरी सगळ्यांची. आणि एकाने तिच्यावर कर्ज काढलं तर सावकार भावांपैकी ज्याच्याकडे पैसे सापडतील त्याला धरतो. १९३२चा भागीदारी कायदा हेच सांगतो: प्रत्येक भागीदार संस्थेच्या पूर्ण देण्याला जबाबदार. त्यातही नोंदणी केली नसेल तर आणखी गंमत. बुडवणाऱ्या पार्टीवर कराराच्या पैशासाठी संस्थेला दावाच लावता येत नाही. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करार करून नोंदणीचं 'पुढे बघू' म्हणणाऱ्यांना हे पैसे अडकल्यावर कळतं.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ही २००८च्या कायद्याने आलेली सुधारित विहीर. पाणी सामाईक, पण प्रत्येकाचा सातबारा वेगळा राहतो. देणं भागीदाराने घातलेल्या भांडवलापुरतं. बदल्यात दरवर्षी ३० मे आणि ३० ऑक्टोबरच्या आत सरकारी विवरणपत्रं, आणि जितका उशीर तितकी वाढत जाणारी फी. सहा टक्क्यांची सोय एलएलपीला नाही. साध्या भागीदारीला आहे, पण तिथे भागीदारांचा पगार वेगळा वजा करता येत नाही.

प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे देवस्थानची दानपेटी. किल्ली पुजाऱ्याकडे, पेटी देवाची. तुम्ही संचालक, पण पैसा कंपनीचा. पोरीच्या लग्नाला कंपनीच्या खात्यातून दोन लाख उचलले तर ती उचल राहत नाही. त्याला पगार, लाभांश किंवा कर्ज यातलं काहीतरी नाव द्यावं लागतं आणि प्रत्येक नावाचा कर वेगळा. उलाढाल एक रुपया असली तरी ऑडिट सक्तीचं. एकट्यासाठी एक व्यक्ती कंपनी असाही प्रकार आहे. त्यात वारस-नामनिर्देशित माणूस द्यावा लागतो, बाकी पथ्यं बरीचशी तीच.

## "पण कंपनीला टॅक्स कमी लागतो म्हणतात"

मांडून बघू. धंदा वाढला, नफा १५ लाख झाला.

प्रोप्रायटरला स्लॅबने १ लाख ५ हजार, सेस धरून १ लाख ९ हजार २०० रुपये कर.

भागीदारी संस्था किंवा एलएलपीला पहिल्या रुपयापासून ३० टक्के. स्लॅब नाही, माफी नाही. मात्र नीट वह्या ठेवल्या तर भागीदारांचा पगार ठरावीक मर्यादेत वजा होतो: पहिल्या ६ लाख नफ्याच्या ९० टक्के, उरलेल्याच्या ६० टक्के. १५ लाखांवर हा पगार १० लाख ८० हजार बसतो. दोघा भागीदारांत प्रत्येकी ५ लाख ४० हजार, तिथे कर शून्य. उरलेल्या ४ लाख २० हजारांवर सेससह १ लाख ३१ हजार ४० रुपये. म्हणजे दोघे मिळूनही एकट्यापेक्षा जास्त. शिवाय एप्रिल २०२५ पासून संस्थेने भागीदाराला दिलेला पगार आणि व्याज मिळून वर्षात २० हजारांच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापावा लागतो. ते पैसे परत मिळतात, पण रिटर्न भरून वाट बघितल्यावर.

कंपनीचा सवलतीचा दर अधिभार-सेस धरून २५.१६८ टक्के. संचालकाने १२ लाख ७५ हजार पगार घेतला, तर पगारदार म्हणून ७५ हजारांची वजावट परत येते आणि त्याचा कर शून्य. उरलेल्या सव्वादोन लाखांवर कंपनीचा कर ५६ हजार ६२८.

म्हणजे कागदावर कंपनी जिंकली, साडेबावन्न हजारांनी. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ऑडिट, कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रं, पगारावरचं टीडीएस रिटर्न, सगळं सांभाळणारा माणूस, यांची वर्षाची फी मांडा. पुण्या-नाशकात त्या फरकातला मोठा तुकडा तिथेच जातो. पगार खरोखर दरमहा बँकेतून द्यावा लागतो. पार्टीने तीन महिने पैसे थकवले की हा पगार कुठून देणार? आणि एखादं विवरणपत्र राहिलं तर दर फॉर्मला दर दिवशी शंभर रुपये. नफा वर्षानुवर्षं २०-२५ लाखांवर राहिला, बराचसा धंद्यातच ठेवायचा असेल, तर कंपनीचं गणित खरंच बसतं. पहिल्या वर्षी नाही.

आणखी एक बारीक काटा. मजुरीवर काम करून देणाऱ्या पोटठेकेदाराचा टीडीएस प्रोप्रायटरने तेव्हाच कापायचा, जेव्हा आधल्या वर्षी उलाढाल एक कोटीच्या वर गेली असेल. भागीदारी, एलएलपी आणि कंपनीला मात्र पहिल्या दिवसापासून. नवी कंपनी काढून वर्षभर न कापता पैसे वाटणारे बरेच असतात. ते बाहेर पडतं ऑडिटच्या वेळी.

## "मर्यादित जबाबदारी मिळते, हे तरी खरं ना?"

अर्धं. बँक कर्ज देताना संचालकाची वैयक्तिक हमी लिहून घेते. हमी दिली की कंपनीचं देणं घरापर्यंत येऊ न देणारी भिंत त्या कर्जापुरती पडली. साइटवर तुमच्या निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला, तर फौजदारी गुन्हा माणसावर होतो, कंपनीच्या पाटीमागे लपता येत नाही. भिंत कामाला येते ती धंद्याच्या उधारीला आणि नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला.

वायरिंगचं काम हे जोखमीचंच. शॉर्टसर्किटने गोडाऊन जळालं तर नुकसान तुमच्या दहा वर्षांच्या नफ्यापेक्षा मोठं असू शकतं. म्हणून माझं मत असं: पहिल्या दिवशी कंपनी काढायला जे २०-३० हजार घालणार आहात, त्यातून आधी कामगार भरपाईचा आणि तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा घ्या. रंगकाम, फर्निचर, किरकोळ दुरुस्ती करणाऱ्याला प्रोप्रायटरशिप वर्षानुवर्षं पुरते. मोठ्या पॅनेलची, उंचावरची कामं, किंवा दहा लोक सतत हाताखाली असतील, तर एलएलपी किंवा कंपनीचा विचार लवकर करा. तो करासाठी करू नका, राहत्या घरासाठी करा.

## "बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढली तर?"

हा प्रश्न आवाज खाली करून विचारला जातो. आधी सोपा भाग: स्वतःच्याच पॅनवर दोन पाट्या लावल्या, तर जीएसटीच्या २० लाखांसाठी दोन्हींची उलाढाल एकत्र धरतात. १९ अधिक १९ म्हणजे ३८.

पत्नीच्या नावावर असेल तर प्रश्न एवढाच: काम खरोखर कोण करतं? ती स्वतः धंदा चालवत असेल, भांडवल तिचं असेल, तर उत्पन्न तिचं आणि त्यात वावगं काहीच नाही. पण पैसा तुम्ही घातलात, साइटवर तुम्हीच जाता, तिची फक्त सही, तर ते उत्पन्न तुमच्यात मिसळून कर लावायची तरतूद कायद्यात आहे. तुमच्या फर्ममधून तिला पगार द्यायचा असेल तरीही तिचं शिक्षण किंवा कसब त्या कामाचं असावं लागतं. बी.कॉम. झालेली बायको खरोखर हिशेब, जीएसटी, बँक सांभाळत असेल तर द्या की पगार. बऱ्याच घरांत ती हे काम फुकटच करते.

## "पैसेच वेळेवर येत नाहीत, त्याचं काय?"

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. मुदत उलटूनही मार्चअखेर ते थकलेलेच असतील तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही. मार्चमध्ये अचानक काही पार्ट्यांचे फोन येतात ते यामुळे. मात्र माल आणि मजुरी मिळून घेतलेल्या बांधकाम-जोडणीच्या ठेक्याला हा कायदा लागतो की नाही, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. म्हणून भरवसा कायद्यावर कमी आणि वर्क ऑर्डरमधल्या हप्त्यांवर जास्त ठेवा. माल साइटवर उतरला की ४० टक्के, असं लिहून घ्यायला लाजू नका.

सरकारी कामात तर आयकराचा टीडीएस, अडीच लाखांवरच्या करारावर जीएसटीचा २ टक्के टीडीएस, बांधकाम असेल तर एक टक्का कामगार उपकर आणि सुरक्षा ठेव, असं सगळं कापून बिल हातात पडतं. आणि तेही निधी आला तर. राज्यातल्या थकीत बिलांच्या बातम्या वाचूनही पहिल्याच वर्षी टेंडर भरायला निघालेल्याला मी एकच विचारतो: सहा महिने मजुरी घरातून देता येईल का?

## पुढे पाटी बदलायची झाली तर

बदलता येते, पण रंग मारून नाही. पॅन नवा, म्हणून जीएसटी नंबर नवा, चालू खातं नवं, प्रत्येक कारखान्यातला व्हेंडर कोड नवा, विद्युत ठेकेदाराचा परवानाही नव्या नावाने. शिल्लक इनपुट क्रेडिट रीतसर फॉर्म भरून नव्या नंबरवर नेता येतं. हे सगळं चालू कामाच्या मध्यात केलं की अर्धी बिलं एका नावाने आणि अर्धी दुसऱ्या नावाने जातात आणि टीडीएसचा मेळ लागत नाही. म्हणून एक एप्रिल धरा. नवी कामं नव्या नावाने घ्या, जुनी जुन्या नावाने संपवा. आणि जुनं खातं लगेच बंद करू नका. कारखान्यांनी बिलातून अडकवून ठेवलेली रिटेन्शनची रक्कम वर्षभराने येते, आणि येते ती जुन्याच नावाने.